निळ्या नळीवरचा गंज

एक

आमच्या नेमबाजी मंडळाने आजवर एकाही पक्ष्याला इजा केलेली नाही. आम्ही हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवर बार काढतो, आणि बहुतेक चकत्याही सुखरूप जमिनीवर उतरतात. तरी मंडळाला आपल्या बंदुकांचा फार अभिमान. अभिमान बाळगायला नेम लागावा लागत नाही.

त्यामुळे शनिवारी सकाळी अध्यक्षसाहेबांनी काचेचं नवं कपाट उघडलं आणि आतल्या एका दुनळी बंदुकीच्या दोन्ही नळ्यांवर तपकिरी गंज दिसला, तेव्हा सभागृहात जी शांतता पसरली ती एरवी आमच्याकडे कोणी गेल्यावरच पसरते.

कपाटात दोन बंदुका होत्या. मंडळाच्या सगळ्या बंदुकांचा जुना रंग उडत चालला होता आणि नवा टिकाऊ रंग कोणाकडून चढवून घ्यायचा, याचं मतदान त्या दिवशी व्हायचं होतं. त्यासाठी दोन नमुने केले होते. अख्खा हंगाम सभासदांनी ते आलटून पालटून वापरले. पाऊस, चिखल, घाम, आणि नेम चुकल्यावर रागाने आपटणं, सगळं दोघींनी सारखं सोसलं. हंगामाच्या शेवटापर्यंत दोघींवर गंजाचा ठिपकाही नव्हता. मग मतदानाआधी सर्वांना डोळे भरून पाहता यावं म्हणून त्या कपाटात मांडल्या. तिथे चार दिवस नुसत्या उभ्या राहून त्यातली एक गंजली.

जी गंजली ती उस्तादांच्या लेकीने केलेली होती. उस्ताद म्हणजे आमच्या भागातले जुने बंदूक-कारागीर. त्यांची लेक त्यांच्याच कारखान्यात घडली, म्हणून तिला सगळे 'धाकटी' म्हणतात. ती थोरली झाल्याला बराच काळ लोटलाय, पण हे सांगायचं धाडस कोणात नाही. तिची रीत बापाचीच. नळीवर तेजाब लावायचं, ओलसर पेटीत ठेवून मुद्दाम बारीक गंज चढू द्यायचा, मग नळी पाण्यात उकळायची. उकळल्यावर तांबडा गंज काळा होतो आणि पोलादाला धरून बसतो. वरचा भुगा घासून काढायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. असं करत करत शेवटी जी खोल निळी-काळी झाक येते, ती पाहून जाणकार टोपी काढतात आणि बाकीचे किंमत विचारतात.

दुसरी बंदूक रंगवाल्याची. चिनीमातीची पूड मिसळलेला रंग फवाऱ्याने मारायचा आणि भट्टीत भाजायचा. ती कपाटात करड्या रंगात, झोप पुरी झालेल्या माणसासारखी ताजीतवानी उभी होती.

"मी काही बोलत नाही," रंगवाला म्हणाला आणि बोलू लागला. "पण ह्या रीतीत गंजच चढवतात हो. गंजाकडून बंदूक राखून घ्यायची म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या."

लोक हसले. धाकटी हसली नाही. ती कपाटाजवळ गेली, हात मागे बांधून वाकली, आणि बराच वेळ पाहत राहिली.

"हा माझा गंज नाही," ती म्हणाली.

"गंजावर नाव नसतं, बाळ," अध्यक्षसाहेब म्हणाले.

उस्ताद कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. ते जमिनीकडे पाहत होते. बापलेकीत काय ठरलं होतं ते सगळ्यांना माहीत होतं. हे काम मिळालं तर कारखाना तिच्या नावाने, तिच्या रीतीने चालणार. नाही मिळालं तर उकळायच्या टाक्या निघणार, तिथे रंगवाल्याचा फवारा बसणार आणि धाकटी त्याच्या हाताखाली नळ्या रंगवणार. उस्तादांनी हात न लावलेली ती तिची पहिलीच बंदूक होती.

मतदान घ्यायला मी चिठ्ठ्या वाटणार, तेवढ्यात मागच्या रांगेतून आवाज आला.

"थांबा चिटणीस. कपाट उघडल्यापासून हा आंबूस वास कसला येतोय?"

दोन

आवाज नामंजूर मावशींचा होता.

मावशी जन्मभर विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करत होत्या. आगी, पूर, चोऱ्या, फुटलेल्या काचा. त्यांच्या शेऱ्यावरून त्यांना हे नाव पडलं आणि त्यांनी ते पदवीसारखं स्वीकारलं. मंडळात नेम खरोखर लागणाऱ्या ज्या एकदोन व्यक्ती आहेत, त्यांतली एक त्या. त्यामुळे त्यांच्याबद्दल कोणी फारसं चांगलं बोलत नाही.

त्या पुढे आल्या. कपाटात डोकं घालून त्यांनी वास घेतला.

"व्हिनेगर," त्या म्हणाल्या.

आता हे सांगायला हवं की व्हिनेगर हा निळ्या नळीचा वैरी. कुठलाही आंबट द्राव ती झाक खाऊन टाकतो आणि खालचं पोलाद उघडं पाडतो. हे धाकटीने हंगामाच्या सुरुवातीलाच सगळ्यांना सांगितलं होतं. सगळ्यांना म्हणजे रंगवाल्यालाही.

सगळ्या माना एकदम वळल्या.

"माझ्याकडे काय बघता?" रंगवाला म्हणाला.

"तुमच्या पिशवीत काय आहे?" अध्यक्षसाहेबांनी विचारलं. नोकरीत असताना ते मोठे अधिकारी होते. निवृत्तीनंतर आवाज तेवढा त्यांनी घरी आणला.

"नमुन्याचे तुकडे, रंगाची पत्रकं, आणि..."

"आणि?"

रंगवाल्याने पिशवी उघडली. पत्रकांच्या खाली एक बाटली होती. मावशींनी बूच काढलं आणि हुंगलं. मग ती माझ्या नाकाखाली धरली. कपाटातल्यासारखाच आंबूस वास.

"रंग मारायच्या आधी धातू धुवायला लागतं ते," रंगवाला म्हणाला. त्याच्या आवाजातली भट्टी विझली होती.

"आणि मधल्या चार दिवसांत कपाट कोणाकोणाला उघडून दिलंत, साहेब?" मावशींनी विचारलं.

"किल्ली सतत माझ्या खिशात होती," अध्यक्षसाहेब म्हणाले. "मी स्वतः पाहुण्यांना दाखवायला उघडलं. एकदा ह्यांना, नावाची पाटी लावायला. आणि एकदा उस्तादांना, नुसतं बघायला. दोघांनाही उघडून देऊन मी बाहेर थांबलो."

"धाकटीला?"

"तिने बंदूक ठेवली, मी कुलूप लावलं. पुन्हा ती आलीच नाही."

रंगवाल्याने कपाळावरचा घाम पुसला. दोनतीन सभासद उठून दाराजवळ उभे राहिले. तो पळेल असं कोणाला वाटत नव्हतं, पण असं उभं राहायची संधी आयुष्यात कितीदा येते?

तीन

"बसा रे," मावशी दाराकडच्यांना म्हणाल्या. "ह्याने केलेलं नाही."

सभागृहाची घोर निराशा झाली.

"मी आयुष्यभर खोटे दावे पाहिले," त्या म्हणाल्या. "खोट्या दाव्यात नुकसान कसं अगदी हवं तिथे होतं. दुकान जळतं, पण जळतो तो न खपलेला माल. इथे कोणाला हिची बंदूक बिघडवायची असती, तर तीच बिघडली असती. धाकटे, ही बाहेर काढ."

धाकटीने खिशातला कोरडा रुमाल हातावर घेतला आणि बंदूक लाकडी दस्त्याला धरून अलगद बाहेर काढली. मावशींनी भिंग मागितलं. अध्यक्षसाहेबांकडे होतं. वर्तमानपत्र वाचायचं.

"आंबट पाणी ओतलं तर ओघळ येतात. फडक्याने फासलं तर फटकारे दिसतात. कुठे दिसतात का?"

"नाही," धाकटी म्हणाली. "वरून, खालून, बाजूने, सगळीकडे सारखाच बसलाय. धुकं बसावं तसा."

"आणि बोटांचे ठसे?"

धाकटीने नळी उजेडाकडे फिरवली. "एकही नाही." मग ती सभासदांसाठी म्हणाली, "घामात मीठ असतं. तेल नसलेल्या पोलादावर बोट टेकलं की पहिला गंज तिथेच चढतो. बोटाची रेघन् रेघ उठते."

"माझ्या बंदुकीला असली नाजूक तब्येत नाही," रंगवाला म्हणाला. आरोपातून सुटल्याबरोबर त्याला धंदा आठवला होता. त्याने आपली करडी बंदूक सरळ नळ्यांना मूठ मारून बाहेर ओढली आणि हवेत उंचावली. "हे बघा, घाम, मीठ, काय लावायचं ते लावा. चालताना काठी म्हणून वापरा."

"जरा इकडे द्या," मावशी म्हणाल्या.

त्यांनी ती उलटी केली. चापाजवळच्या बारीक स्क्रूंवर भिंग धरलं. मग कपाटात वाकून बंदुका ज्या पोलादी आकड्यांवर टेकल्या होत्या, त्यांचे स्क्रू पाहिले. मग भिंग रंगवाल्याच्या हातात दिलं.

"ह्या स्क्रूंना रंग मारला होता?"

"नाही. स्क्रू फिरवावे लागतात. त्यांना आम्ही तसेच सोडतो."

"मग त्यांचा रंग कोणता आहे ते सांगा."

रंगवाल्याने भिंग जवळ-लांब करून पाहिलं. "तपकिरी," तो शेवटी म्हणाला.

"आकड्यांचे स्क्रूही तपकिरी. धाकटीवर डूख धरलेला माणूस तिच्या गाढवाला विष घालेल, शेजाऱ्याच्या गाढवाला नाही घालणार. कपाटात जे जे पोलाद उघडं होतं, ते ते गंजलं आहे. म्हणजे गुन्हेगार कपाटात शिरला नव्हता." मावशींनी भिंग पुसून अध्यक्षसाहेबांना परत दिलं. "तो आधीपासून आत होता."

चार

कपाट अध्यक्षसाहेबांचं. म्हणजे पैसे मंडळाचे, पण रेखाटन त्यांचं. उद्घाटनाच्या भाषणात ते म्हणाले होते की ह्या कपाटात मुंगीच काय, मुंगीचा विचारही शिरू शकणार नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. मीच सुरुवात केली होती, चिटणीसाचं ते कामच आहे.

मावशींनी मला सुताराला फोन लावायला सांगितला. मी स्पीकर चालू केला.

"काचांच्या फटीत काय भरलंत, मिस्त्री?"

"सिलिकॉन. साहेबांनी सांगितलं हवाबंद पाहिजे. आतून चारी बाजूंनी भरलं. एवढं कोणी भरत नाही, पण साहेब शेजारी उभे होते."

"वास येतो का त्याला?"

"वाळेपर्यंत येतोच की. आंबट वास असतो. मी म्हटलं होतं, आठवडाभर दारं उघडी ठेवा. साहेब म्हणाले, माझ्या कपाटाला वास येत नाही."

मी फोन बंद केला. अध्यक्षसाहेब छताकडे पाहत होते. छताने त्यांना काही मदत केली नाही.

"वाळताना त्यातून व्हिनेगरची वाफ निघते," धाकटी हळूच म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा रक्त दिसलं. "आणि कपाट बंद. वाफ जाणार कुठे?"

"म्हणजे झालं," मी म्हणालो. "कपाट दोषी. धाकटीच्या कामात खोट नाही."

"नामंजूर," मावशी म्हणाल्या.

त्यांनी आगपेटीतली एक काडी मागितली, तिच्या टोकाला कापूस गुंडाळला आणि दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीलगतच्या खाचेतून फिरवला. कापूस तेलाने चकाकत बाहेर आला. त्या खाचेत गंजाचा कणही नव्हता.

"तू बंदूक ठेवलीस तेव्हा तेल लावलं होतंस?"

"लावल्याशिवाय मी बंदूक हातातून खाली ठेवत नाही," धाकटी म्हणाली. "बाबांनी तीच पहिली शिकवण दिली. रंग म्हणजे कातडी, तेल म्हणजे कपडे."

"मग हिचे कपडे कोणीतरी उतरवले. फडकं जिथे पोचलं नाही तिथे तेल आहे, आणि तिथे रंग शाबूत आहे. वाफेने गंजली हे मला पटतं. पण तेल असतं तर गंजली असती का, हे सिद्ध व्हायचं आहे. ते झालं नाही तर परवा रंगवाला म्हणेल, वाफेत माझी टिकली आणि हिची टिकली नाही. आणि त्याचं म्हणणं बरोबर असेल."

"माझं म्हणणं आजच तसं आहे," रंगवाला म्हणाला.

मावशींनी दोन नवे खिळे मागवले. धाकटीने दोन्ही चांगले घासून आपल्या रीतीने निळे करून आणायचे असं ठरलं. त्याच संध्याकाळी सगळे पुन्हा जमले आणि दोनच फेऱ्या उकळलेले ते खिळे आले, शेजारी शेजारी ठेवले तर जुळे वाटावेत असे. एकाला सगळ्यांसमोर तेल लावलं, दुसरा तसाच ठेवला. दोन्ही कपाटात टांगले. कुलूप लागलं, आणि किल्ली ह्या वेळी मावशींच्या पर्सच्या तळाशी गेली, जिथून त्यांना स्वतःलाही काही सापडत नाही.

उस्ताद सगळ्यात शेवटी उठले. दारातून जाताना ते कपाटापाशी थांबले आणि काहीतरी बोलतील असं मला वाटलं. ते टोपी घालून बाहेर पडले.

पाच

आठवड्याने सभा पुन्हा भरली. आमच्याकडे इतकी उपस्थिती निवडणुकीलाही नसते.

मावशींनी किल्ली शोधली. त्यात काही वेळ गेला. कपाट उघडलं, आंबूस वास आला, आणि खिळे टेबलावर ठेवले. तेल लावलेला खिळा निळा होता. दुसरा तपकिरी झाला होता.

कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. अध्यक्षसाहेबांनी दोन्ही खिळे उचलून पाहिले आणि हळूच खाली ठेवले.

"आता तेल कोणी पुसलं ते," मावशी म्हणाल्या. "उघड्या कपाटापाशी तिघे गेले. साहेब, पाहुण्यांना दाखवताना तुम्ही बंदूक हातात घेतली होती?"

"आकड्यावरच दाखवली, कोणाच्या हातात दिली नाही. फार तर सरळ केली असेल."

"कशाला धरून?"

"नळीला. आणखी कशाला धरणार?"

"बरोबर. तुम्ही बंदूक नळीला धरता. रंगवालेही नळीला धरतात, तो तर त्यांच्या जाहिरातीचा भाग आहे. तेल पुसल्यावर तुम्हा दोघांपैकी कोणीही ही हाताळली असती, तर आज नळीवर तुमचं बोट उमटलेलं असतं. आणि ही तर नुसती हाताळलेली नाही. उचलली, चहूकडून पुसली आणि परत ठेवली. तरी एक ठसा नाही. हे काम बंदूक फक्त लाकडाला धरणाऱ्या माणसाचं आहे. असा हात इथे दोघांचाच, शिकवणाऱ्याचा आणि शिकणारीचा. त्यातल्या एकीला कपाट उघडून मिळालं नव्हतं."

कोणी मागे वळून पाहिलं नाही. गरज नव्हती.

"मी पुसलं," उस्ताद म्हणाले.

धाकटी खुर्चीतून अर्धवट उठली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला पाहवलं नाही. आपली बंदूक कोणी बिघडवली याचे सगळे तर्क तिने केले असतील, हा एक सोडून.

"बाबा, तुम्हाला रंगवाल्याचा फवाराच पाहिजे होता, तर तसं सांगायचं होतं," ती म्हणाली. "मी टाक्या स्वतः काढून दिल्या असत्या."

"फवारा कोण मागतंय?"

"मग का पुसलंत? तेल पुसलं म्हणून मला एकदा दिवसभर कारखान्याबाहेर उभी केली होतीत."

"केली होती."

"मग?"

उस्तादांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले. तो स्वच्छच होता.

"तेलाखाली रंग दिसत नव्हता," ते म्हणाले. "वर नुसती चकाकी. इथले लोक चकाकीच बघतात, त्यांना खालचं काय कळणार? मला वाटलं, मतदानापर्यंत उघडा राहू दे. एकदा तरी लोकांनी नीट बघावा."

"काय बघावा?"

"रंग, आणखी काय."

"रंगात काय एवढं?"

ती त्यांना सोडत नव्हती. मावशींनी आयुष्यात घेतलेल्या सगळ्या जबान्यांपेक्षा ही कडक होती, आणि हे त्यांनी नंतर स्वतः मान्य केलं.

"इतका खोल निळा माझ्या हातून कधी उतरला नाही," उस्ताद म्हणाले. "एकदाही नाही. झालं समाधान?"

धाकटी परत खुर्चीत बसली.

"मग आठवडाभर गप्प का बसलात?" तिने विचारलं, पण आवाज बदलला होता.

"तेल पुसलं हे सांगायला काय लागतं? चूक माणसाकडून होते. पण का पुसलं, ते पण सांगावं लागलं असतं ना."

सहा

अध्यक्षसाहेबांनी घसा साफ केला आणि मतदानाचं नाव काढलं.

"आधी माझं ऐका," धाकटी म्हणाली. ती आता टेबलाशी उभी होती आणि बापासारखीच कमरेवर हात ठेवून बोलत होती. "रंगवाल्यांचं काम चांगलं आहे. वाफेत त्यांचा रंग टिकला, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. ज्याला बंदूक मोटारीच्या डिकीत टाकून विसरायची आहे, त्याने खुशाल तोच घ्यावा. पण त्यांच्या बंदुकीच्या तोंडाशी बघा, हंगामात एक टवका उडालाय. तो भरायचा तर सगळा रंग उतरवून पुन्हा पहिल्यापासून. बरोबर ना?"

"बरोबर," रंगवाला म्हणाला. तो विक्रेता होता, पण खोटारडा नव्हता.

"माझी एवढी गंजली. मी ती घेऊन जाईन, उकळेन, घासेन, आणि परत आणेन तेव्हा काय झालं होतं हे तुम्हाला सांगता येणार नाही. तुमच्या नातवांनासुद्धा ती अशीच दुरुस्त करून घेता येईल. फक्त दर वेळी वापरल्यावर पुसायची, हलकं तेल लावायचं, आणि हवा खेळेल अशा जागी ठेवायची. हे ज्याच्याने होणार नाही, त्याने मला मत देऊ नये. मी त्याची बंदूक घेणार नाही."

मते मागायला उभ्या राहिलेल्या माणसाने मतदारांना असं हाकलताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मतदारांनाही ते नवीन असावं. आमच्यापैकी प्रत्येकाला एकदम वाटलं की आपण रोज बंदूक पुसणाऱ्यांतले आहोत, आणि शेजारचा नाही. चिठ्ठ्या मोजल्या तेव्हा रंगवाल्याला दोन मते पडली. त्यातलं एक मावशींचं होतं. त्या म्हणाल्या, मला आळस आहे आणि मी तो लपवत नाही.

अध्यक्षसाहेबांनी कपाटाच्या चारी कडांना स्वतः भोकं पाडून घेतली. पुढच्या भाषणात ते त्याला 'वायुवीजनाची योजना' म्हणाले. आम्ही टाळ्या वाजवल्या.

उस्तादांना वाटलं होतं, लेक आता आठवडाभर बोलणार नाही. ती दुसऱ्या दिवशी सकाळीच बोलली. गंजलेली बंदूक उकळायला टाकत म्हणाली, "हिला हात लावायचा नाही. तुम्ही बाहेर बसा, गिऱ्हाइकं बघा."

"गिऱ्हाइकांशी मी काय बोलू? मला नाही जमत."

"सभेत बोललात तेच बोला."

मी माझी बंदूक द्यायला गेलो, तेव्हा ते कारखान्याच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. मला पाहताच त्यांनी शेजारचं स्टूल पुढे ओढलं. ती तेजाब किती पातळ लावते, उकळलेली नळी बाहेर काढायची नेमकी वेळ तिला कशी कळते, आणि ते आपल्याला कधीच का कळलं नाही, हे सगळं त्यांनी मला सांगितलं. मी उठायला लागलो तर हात धरून पुन्हा बसवलं. माझ्यानंतर आलेल्या माणसाला ते सगळं पहिल्यापासून सांगायला लागले. तो माणूस पत्ता विचारायला आला होता.

आतून धाकटीचा आवाज आला, "बाबा, पुरे आता."

उस्तादांनी तिकडे कान दिला नाही. आयुष्यभराचं बोलायचं राहिलं होतं.